दरवाज्यापुढचे हंडे

पुण्याहून बस सुटली तेव्हा माझ्या पिशवीत पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या होत्या. आत्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस, असं आईने बजावलं होतं आणि त्या उन्हाळ्यात छत्रपती संभाजीनगरला न्यायला पाण्याहून चांगली भेट सुचली नाही.

कायगावजवळ गोदावरी लागली. पुलाखाली वाळू होती, वाळूत शेळ्या होत्या. वाळूजपासून शहर सुरू झालं ते संपेचना. कारखाने, अर्धवट इमारती, त्यांच्यावर मोठाले फलक. एका फलकावर निळ्याशार तलावात पोहणारं कुटुंब होतं आणि त्याच्याच सावलीत एक रिकामा टँकर उभा होता.

आत्याचं घर जुन्या शहरात, एका दगडी दरवाज्याच्या आत आहे. लहानपणी सुट्टीला यायचे तेव्हापासून मला त्या दरवाज्याचा हेवा वाटतो. आमच्या पुण्याच्या घराला पार्किंग आणि वॉचमन आहे. राधाच्या, म्हणजे माझ्या आतेबहिणीच्या, घरी जायला कमानीखालून जावं लागतं, आणि कमानीत बोललं की आवाज मोठा होऊन परत येतो.

आता हेवा वाटायला आणखी एक कारण झालं होतं. राधा रविवारी सहा पर्यटकांना घरी जेवू घालणार होती. पहिलीच वेळ. जमलं तर दर रविवारी.

"धपाटे, येसर आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची आमटी), ठेचा," तिने बोटांवर मोजत सांगितलं. "तिखट लागलं तर दही. काय म्हणतीस?"

"छान," मी म्हणाले.

राधा मराठी शाळेत शिकली. परदेशी माणूस दिसला की ती खुशाल "कम, कम, सिट!" म्हणून ओट्यावर बसवते आणि माणसं हसत बसतात. बारा वर्षं इंग्रजी माध्यमात काढलेली मी दाराआड उभी असते.

गल्लीत सगळ्यांना हे पसंत नव्हतं. समोरच्या शकीला खाला ओढण्या वाळत घालताना म्हणाल्या, "दरवाजा देखने आते बोलते, झांकते हमारे घरां में. मेरी ओढनियां के फोटू लंडन पहुँच गए होंगे." (पाहायला येतात दरवाजा, डोकावतात आमच्या घरात.)

"मग लई फेमस झाल्या की तुम्ही, खाला!" राधा ओरडली.

"चुप बैठ गे!"

आत्याचा राग वेगळा होता. दरवाज्यासमोर पर्यटकांसाठी हिरवळ केली आहे. "त्या गवताला रोज पाणी, अन् आमचा नळ आठव्या दिवशी," ती म्हणाली. "माणसानं गवतावर जळावं, अशी वेळ आली बघ."

शनिवारी टँकर येणार होता. सकाळीच बायकांनी दरवाज्याच्या भिंतीला लागून हंडे मांडले आणि स्वयंपाकाला निघून गेल्या. हंडा उभा म्हणजे बाई उभी. मागच्या वेळी जी शेवटी होती ती या वेळी पहिली. खाला पहिल्या होत्या, आत्या तिसरी. शेवटच्यांपर्यंत पाणी पुरेलच असं नसतं.

"कशालाच हात लावू नको," आत्याने मला सांगितलं होतं. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

दहाच्या सुमाराला गाईडबरोबर एक घोळका आला. घोळक्यातली गवती टोपीवाली एक बाई माझ्याकडे वळली. राधा आत मटकी उपसत होती. बाईने इंग्रजीत विचारलं, "तुम्ही इथल्याच ना?"

"हो," मी म्हणाले.

"हे हंडे जरा बाजूला करता येतील? कमान पूर्ण दिसेल."

मी हलवले, सगळे. नुसते हलवले नाहीत, पलीकडे रंगाप्रमाणे मांडले. नारंगी एकीकडे, निळे एकीकडे, स्टीलचे शेवटी. "वा!" बाई म्हणाली आणि त्यांचाही फोटो काढला. एवढा वेळ मी अनोळखी माणसाशी क्वचितच बोलले असेन.

टँकर आला आणि आरडाओरडा झाला. ड्रायव्हरला घाई होती. "आता हायेत तसेच भरा," म्हणून त्याने पाइप सोडला. नारंगी हंडे भरले. आत्याचा निळा अर्धा भरला. खालांच्या स्टीलच्या हंड्यात थेंबही पडला नाही. राहिलेल्यांना दुसरा टँकर उद्या.

"कोणी हलवले?"

"ते टूरिस्ट होते ना सकाळी, त्यांनीच!"

"बस हो गया," खाला म्हणाल्या. "कल से गल्ली में एक भी नक्को." (उद्यापासून गल्लीत एकही नको.)

राधाचा चेहरा उतरला. मी हात पाठीमागे बांधून उभी होते. खरं लिहायचं तर, घटकाभर मला बरं वाटलं.

घरात राधाने मटकी झाकून ठेवली. रडली नाही, चिडली नाही. "पाण्याचं तुझ्या बाटल्यांत भागलं असतं गं," एवढंच म्हणाली, "पण खालांना कोण समजावणार?"

संध्याकाळी मी एक बाटली घेऊन समोर गेले. खाला तांदूळ निवडत होत्या.

"हंडे मी हलवले," मी म्हणाले.

"तू? कायकू?"

"त्या बाईने विचारलं, इथल्याच का. मी हो म्हटलं."

खालांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "फिर मैं गलत क्या बोली? टूरिस्टनेच हलाए." (मग मी चूक काय बोलले?)

बाटली मात्र ठेवून घेतली. मग म्हणाल्या, "आने दे राधा के मेहमानां कू. टँकर आए तक हंड्यां के पास तू खड़ी रह. फोटूवाले आए तो तू बोल, नक्को."

रविवारी मी उन्हात उभी राहिले. सहा जण आले, त्यांत कालची टोपीवाली बाईही होती; पत्रावळींवर जेवले, ठेच्याने घामाघूम झाले. आतून राधाच्या हसण्याचा आवाज कमानीत मोठा होऊन येत होता. टोपीवाली बाई हात पुसत बाहेर आली आणि कॅमेऱ्यातलं चित्र मला दाखवू लागली. नारंगी, निळे, स्टीलचे. "माझं सगळ्यात आवडतं. आज पुन्हा मांडाल तसे?"

"नाही," मी म्हणाले. "ही रांग आहे. यात माणसं उभी आहेत."

"अरे! पण तुम्ही तर इथल्याच ना?"

"नाही. मीही बघायलाच आले आहे."

टँकर दुपारी आला. खालांचा हंडा पहिला भरला. तो उचलून त्या माझ्याकडे न बघताच आत गेल्या.

पुण्याला पोहोचले आणि सवयीने नळ सोडला. पाणी आलं. याचा राधाला हेवा वाटत असेल का, हे मी तिला इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आठवड्याने तिचाच फोन आला. "या रविवारी आठ जण हायेत. येतीस का? हंड्यांपाशी माणूस लागतंय."

सगळ्यांना जेवू घालणार ती, गप्पा मारणार ती, आणि मी पुन्हा बाहेर उन्हात. मला तिचा हेवा वाटला, अजूनही वाटतो. मी म्हटलं, "बघते." फोन ठेवला आणि बाटल्या भरायला घेतल्या.