तोफेच्या दांड्यावरची टोपी

एप्रिलमधल्या एका दुपारी सेलू तालुक्यातल्या आमच्या तात्पुरत्या रेंजवर हवेच्या तोफेचं मागचं दार उडालं. हवालदार धनराज जागीच गेले. नळीत एक मेलेली कोंबडी असायला हवी होती. दोन निघाल्या.

मी तिथे सिग्नलमन होतो. उडता पक्षी धडकला तर हेलिकॉप्टरची काच टिकते का, हे पाहण्यासाठी आम्ही दाबलेल्या हवेने काचेवर कोंबडी मारायचो. शनिवारी काम संपलं की परवानगी घेऊन गंमत चालायची: भोपळा, फाटका बूट, एकदा लंगरातल्या, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातल्या, करपलेल्या रोट्या. नेम समुद्रपूरच्या धनराजांचा. मदतीला नाईक किसन.

"काऊन रे किसन, नवरीसारखी गुंडाळून राह्यला कोंबडीले?"

"पहिल्यांदाच उडून राह्यली ना, हवालदारसाहेब."

तोफ भरली की भरणाऱ्याने आपली टोपी दाराच्या दांड्यावर अडकवायची, ही दोघांची रीत. टोपी दिसली की दुसऱ्याने हात लावायचा नाही.

त्या दुपारी धनराजांनी तोफ भरली. दांड्यावरची टोपी मी बंकरमधून पाहिली आणि वायरलेस सेट तपासायला आत वळलो. बाहेर मेजरसाहेबांची जिप्सी आली. धनराज त्यांना काच दाखवायला गेले. थोड्या वेळाने दोघे बंकरमध्ये आले. मागून किसन आला.

"भरली?" मेजरसाहेबांनी विचारलं.

"भरली," किसन म्हणाला.

मी सेटवर सांगितलं, "कंट्रोल, तोफ भरली. ओव्हर."

"दाब चढवा. ओव्हर."

दाब चढू लागला. दाराकडून शिट्टीसारखा आवाज आला.

"हवा गळून राह्यली. पाहून येतो," धनराज म्हणाले.

"थांबा," मेजरसाहेब म्हणाले. तोवर धनराज बाहेर पडले होते.

चौकशीत मी सांगितलं, टोपी दांड्यावर होती. किसन म्हणाला, नव्हती. त्याला पुन्हा विचारलं.

"नव्हती, साहेब. असती तर मी दुसरी काऊन भरली असती? आत जाईना, तर दांडक्यानं रेटली, दार जोर लावून कसंबसं बसवलं. वाटलं, कोंबडी मोठी आहे."

मेजरसाहेबांना एकच प्रश्न विचारला गेला. फौजेत उघड्या डोक्याने सॅल्यूट होत नाही.

त्यांचा जबाब असा: मी जिप्सीतून उतरलो. हवालदार धनराज तोफेजवळून आले आणि त्यांनी मला सॅल्यूट केला. टोपी त्यांच्या डोक्यावर होती.