पहिल्या रविवारचा उपास

त्या वर्षी माझा देवाशी अबोला होता. खरं तर भांडण आईचं होतं, पण तिला ते आठवत नसल्यामुळे मीच चालवत होतो. पन्नास वर्षं जिने रोज सकाळी देव्हाऱ्यासमोर बसून एकेका देवाला नावाने हाक मारून उठवलं, तिला आता त्यांतलं एकही नाव सांगता येत नव्हतं. स्वतःचं नाव कधी आठवे, कधी नाही. बालाघाटच्या डॉक्टरांनी वय झालं म्हटलं आणि नागपूरच्या डॉक्टरांनी त्याच गोष्टीला लांबलचक नाव दिलं. मी सरकारी शाळेत इतिहास शिकवत होतो. राजे आपल्या माणसांना विसरतात हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो, पण देवाने तसं वागावं हे मला पटेना. मी पूजा सोडली. बायकोने एक शब्द न बोलता ती चालू ठेवली.

त्याच वर्षी, दिवाळीनंतर, आमच्या मागच्या दोन खोल्यांत दोन मुलं राहायला आली. एक अमेरिकेतला, बटाट्याची शेती करणाऱ्या घरचा, दारातून वाकून आत यावं लागे इतका उंच. त्याचं आडनाव लार्सन. दुसरा प्रसाद, फिजी बेटावरचा. त्याचा पणजोबा इकडूनच जहाजात बसून उसाच्या मळ्यांवर गेलेला, त्यामुळे त्याला हिंदी येई, पण आम्हाला ती जुन्या पेटीतून काढल्यासारखी वाटे. दोघंही मॉर्मन पंथाचे प्रचारक. दोन वर्षं घरदार सोडून परमुलखात धर्म सांगत फिरायचं, अशी त्यांच्यात रीत आहे. छातीवर काळी पट्टी, तिच्यावर ‘एल्डर’, म्हणजे ज्येष्ठ. या ज्येष्ठांची वयं एकोणीस आणि वीस.

प्रचारक म्हटला की, कुठल्याही धर्माचा असो, माझ्या कपाळाला आठी पडते. आपल्याला देव सापडला हे सांगायला ज्याला मंडप आणि लाउडस्पीकर लागतो, त्याला तो नक्की सापडला आहे का, अशी मला शंका येते. या दोघांकडे मंडप नव्हता. दोन सायकली, इस्त्रीचे पांढरे शर्ट, टाय आणि एक वही, एवढंच. त्या काळी बालाघाटात टाय बांधून सायकलवर फिरणारा माणूस म्हणजे औषध कंपनीचा. त्यामुळे लोक त्यांना दारात उभं करून खोकल्याच्या तक्रारी सांगत. एकदा उकव्याला गेले, तर खाणीतल्या लोकांनी त्यांना वरचे साहेब समजून पगारवाढीचं गाऱ्हाणं ऐकवलं. दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

पहाटे उठायचं, गुडघ्यावर बसून प्रार्थना करायची, वाचायचं, मग गल्लीगल्लीतून दारं ठोठावायची. दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही, हा नियम. चहा-कॉफी नाही. आठवड्यातून एक दिवस, सोमवारी, कपडे धुवायचे आणि घरी पत्र लिहायचं. प्रत्येक दाराची नोंद वहीत होई: कोण भेटलं, काय म्हणालं, कुत्रं आहे की नाही. सात महिन्यांत त्या वहीत बरीच कुत्री जमली, पण धर्मात एकही माणूस आला नाही. मार्चमध्ये लार्सनचे आजोबा वारले. पत्र तीन आठवड्यांनी आलं. ते वाचून तो थोडा वेळ पायरीवर बसला, मग टाय नीट केली आणि सायकल काढली.

आई रोज सकाळी त्याला हाक मारी. “गोऱ्या, चाय पेतं का रे?” तो रोज थांबून, वाकून, तिला सांगे की तो चहा घेत नाही, पण विचारल्याबद्दल आभारी आहे. दुसऱ्या दिवशी तिला काहीच आठवत नसे. त्याला आठवत असे, तरी सात महिने त्याने हे उत्तर पहिल्यांदाच देत असल्यासारखं दिलं. मी, तिचा सख्खा मुलगा, चौथ्यांदा तोच प्रश्न आला की वर्तमानपत्र उंच धरत असे.

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी आठच्या सुमारास मी असंच वर्तमानपत्र उंच धरून बसलो होतो. बायको स्वयंपाकघरात होती. तिने पोहे आणून ठेवले आणि विचारलं, “अहो, माय कुठं हायेत?” आई घरात नव्हती. चपला दारातच होत्या.

पहिल्या तासात आम्ही आळी पालथी घातली. दहा वाजता ऊन असं चढलं की डांबर मऊ झालं. सत्तरी ओलांडलेली, हृदयाची गोळी न घेतलेली, अनवाणी बाई. एका बाजूला वैनगंगा नदी, दुसऱ्या बाजूला बसस्टँड. आईचं माहेर कटंगीचं आणि हल्ली ती सारखी ‘घरी जायचं’ म्हणे. मी इतिहासाचा माणूस, कार्यकारणभाव जुळवणं माझा धंदा. ती बसस्टँडकडेच जाणार, असं मी ठरवलं. मेव्हण्याला स्कूटरवर कटंगीच्या बसमागे पाठवलं. गावात तेव्हा एका मोठ्या महाराजांचा यज्ञ चालू होता, चारही रस्त्यांवर कर्णे लावलेले. मी तिथे जाऊन हात जोडून सांगितलं की आई हरवली आहे, घोषणा करा. कार्यकर्त्याने माझी चिठ्ठी घेतली आणि देणगीदारांच्या नावांनंतर वाचतो म्हणाला. नावं पुष्कळ होती.

घरी आलो तर ते दोघं वही उघडून माझी वाट पाहत होते. म्हणाले, गल्ली क्रमाने घेऊ, एकही दार सोडायचं नाही. मी म्हटलं, मग दोघं दोन दिशांना जा. प्रसादने मान हलवली. वेगळं व्हायचं नाही, नियम आहे. माझी आई उन्हात मरते आहे आणि ही पोरं मला नियम सांगतात, असं मनात आलं आणि मी ते बोललोही. ते पहिल्या दाराकडे निघाले. मीही गेलो, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

जी दारं सात महिने त्यांच्या तोंडावर बंद झाली होती, ती त्या दिवशी उघडली. प्रसाद आधीच सांगून टाकी, “आज धरम की बात नहीं है माताजी, आजी की बात है.” बायका बाहेर येत, मुलांना गच्चीवर पाठवत, विहिरीत डोकावून बघत. पाण्याचे तांबे पुढे होत. हे दोघं घेत नव्हते. एका घरची बाई चिडली. “पानीबी पेत नाही. कोन्या देवाचे आहेत बाप्पा हे?”

बारा वाजता लार्सनचा चेहरा विटेसारखा लाल झाला, तेव्हा मीच त्याच्या हातात तांबा दिला. त्याने तो परत केला. प्रसाद म्हणाला, “महीने का पहिला इतवार है मास्टरजी, हम लोग का उपास है. पानी भी नहीं. सबेरे दूसरी बात के लिए रखे रहे, अब आजी के लिए कर दिया.” एका खात्यातली फाईल दुसऱ्या खात्यात वर्ग करावी, इतक्या साधेपणाने त्याने हे सांगितलं. त्यांच्यात उपास करताना तो कशासाठी हे देवाला आधी सांगायचं असतं. आईसाठी उपास धरायचं माझ्या मनातही आलं नव्हतं, आणि पोह्यांची बशी मी निघण्यापूर्वी रिकामी केली होती.

तीनच्या सुमारास एका गल्लीच्या टोकाशी आलो. कोपऱ्यावरच्या घराचं दार बंद होतं. सकाळी मी स्वतः ते ठोठावलं होतं, दोनदा. आतून काहीच आलं नाही म्हणून माझ्या कागदावर ‘बंद घर’ लिहून फुली मारली होती. मी म्हटलं, हे झालं, आता बसस्टँडकडे वळू. लार्सनने वही पाहिली आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, “बंद नहीं है. पीछे जाना है.”

मी वाद घातला. वेळ जातो आहे, म्हटलं. आई त्या दिशेला जाण्याचं काही कारणच नाही, म्हटलं. तो ऐकत उभा राहिला, आणि मग मला एकाएकी जाणवलं की सात तास माझं सगळं तर्कशास्त्र चालवून मी आईपासून एक पाऊलही जवळ गेलो नव्हतो. माझ्या अंगातली हट्टाची सगळी ताकद संपली. “तुम्हाला वाटेल तसं करा,” मी म्हटलं. देवाला उद्देशून म्हटलं की त्या पोराला, मला आजही सांगता येणार नाही.

घराला वळसा घालून आम्ही मागच्या अंगणात गेलो. तिथे एक म्हातारी विधवा एकटी राहत असे आणि तिला अजिबात ऐकू येत नसे. पुढचं दार वाजवून उपयोग नव्हता. मुलांनी ते तीन वेगवेगळ्या दिवशी वाजवलं होतं, मग मागच्या दोरीवर ओलं लुगडं पाहून आत माणूस आहे हे ओळखलं होतं. तेव्हापासून दर सोमवारी ते तिचं पाणी भरून देत. तिला त्यांनी धर्म सांगितला असेल, तर तिला तो ऐकू गेला नव्हता.

पडवीतल्या खाटेवर आई होती. डोळे अर्धे मिटलेले, अंग तव्यासारखं. म्हातारी तिच्या तळपायाला कांदा चोळत होती आणि मधूनमधून चमच्याने कैरीचं पन्हं पाजत होती. सकाळी अंगणातल्या विहिरीशी पडलेली दिसली म्हणून तिने आईला ओढत आत आणलं होतं. तिला सोडून जाता येईना, आणि तिची हाक पुढच्या गल्लीपर्यंत पोचेना. आम्ही तिथे उभे असतानाच कर्ण्यावर माझी चिठ्ठी वाचली गेली. गावभर ऐकू गेली, त्या पडवीतही. जिने ऐकायला हवी होती तिला सोडून सगळ्यांनी ऐकली.

मला पाहून म्हातारी म्हणाली, “तुही माय आहे का हे? काहून रे, मायले अशा उनात एकटं सोडते का कोनी?”

मी हौ म्हटलं.

खाट उचलायला दोन तगडी माणसं लागली आणि ती दोघं एकत्रच होती. सकाळी माझं ऐकलं असतं, तर एक नदीकाठी असता. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी सलाईन लावली आणि म्हणाले, अजून तासभर गेला असता तर सांगता आलं नसतं. त्या बाईच्या पन्ह्याने वाचवलं. सूर्य मावळताना आईने डोळे उघडले. दोन्ही मुलं व्हरांड्यात गुडघ्यावर बसली होती. मीही शेजारी बसलो. काही मागितलं नाही.

मग ते पाणी प्यायले. मी लार्सनला विचारलं, ती तिथे असेल असं तुला आतून कुणी सांगितलं का? तो विचारात पडला. होय म्हणाला असता, तर त्या दिवशी मी विश्वास ठेवला असता. तो म्हणाला, “नहीं सर. मेरे को बस अगला दरवाज़ा मालूम था.”

महिन्याभरात त्यांच्या वरिष्ठांचं पत्र आलं आणि दोघांची दुसरीकडे बदली झाली. ते कुठे असतील, मला ठाऊक नाही. मी त्यांच्या पंथात गेलो नाही, आणि जाताना त्यांनीही तो विषय काढला नाही. शरण जाणं म्हणजे हात जोडून बसून राहणं, असं मी समजत होतो, आणि म्हणून ते मला आळशांचं काम वाटे. त्या रविवारी मी पाहिलं की शरण गेलेली माणसं उन्हात चालतात, फक्त कुठे पोचायचं याचा हट्ट धरत नाहीत. मी दिवसभर देवाला बसस्टँडवर बोलावत होतो. तो मी फुली मारलेल्या घरात माझ्या आईच्या तळपायाला कांदा चोळत बसला होता. याला चमत्कार म्हणावं की वहीतली नोंद, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी ऋणी आहे, एवढं मला कळतं.

ते गेल्यावर पहिल्या सोमवारी मी त्या मागच्या अंगणात गेलो. म्हातारीने विचारलं, “ते पोट्टे कुठं गेले?” मी ओरडून सांगितलं. तिला ऐकू आलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या बादलीकडे पाहिलं.

“भर मंग,” ती म्हणाली. मी विहिरीत दोर सोडला.