उस्ताद रोजावर

म्वान्झा शहरातल्या इगोम्याच्या रस्त्यावर लुहेंदे उस्तादांचं वेल्डिंगचं दुकान शोधायला निघालं, की आधी त्यांचे चेलेच भेटत. कोपऱ्यावर एक, दवाखान्यासमोर दोन, चर्चच्या भिंतीला लागून आणखी एक. सगळ्यांच्या पाट्यांवर 'लुहेंदे उस्तादांच्या हाताखाली तयार' असं रंगवलेलं. एकाने तर खाली 'उस्तादांपेक्षा स्वस्त' असंही लिहिलं होतं. त्या पाटीचा पत्रा उस्तादांनीच त्याला लग्नाचा आहेर म्हणून दिला होता.

हे दुखणं त्यांनी स्वतः ओढवून घेतलेलं. आईबाप लवकर गेले, तेव्हा ते म्वान्झाच्या मासळीबाजारात पोती उचलत. पुढे एका म्हाताऱ्या वेल्डरच्या दारात बसून बसून काम शिकले. दुकान झालं, नाव झालं, आणि मग बसस्टँडवर झोपणारी, शाळेतून घालवलेली पोरं-पोरी गोळा करून त्यांना फुकट शिकवायचं त्यांच्या मनाने घेतलं. हेतू थोरच होता. "पण खरं सांगू का, मला भाषण ऐकवायला कुणीतरी हवं होतं," असं ते स्वतःच सांगत. पोरं उठूनही जात नसत, कारण जेवण भाषणानंतर मिळे.

शिकलेली पोरं शेजारीच दुकान थाटतील, हे मात्र एवढ्या हुशार माणसाच्या डोक्यात आलं नाही. गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे वळली.

"लोक दुकान चालवायला कारागीर तयार करतात," लिमीची आई, म्हणजे त्यांची बायको, म्हणे. "तुम्ही बंद पाडायला केलेत."

एका सकाळी कबुला आली. पाठीवर तान्हं बांधून शिकायला आलेली ही पोरगी आता चार माणसं कामाला ठेवून होती.

"पाया पडते, उस्ताद. काम कसं चाललंय?"

"श्वास घ्यायला फुरसत नाही," उपड्या डब्यावर बसून चहाचा तिसरा कप पीत उस्ताद म्हणाले.

"मग राहू द्या. मुलींच्या वसतिगृहाच्या खिडक्यांचं काम मिळालंय मला. माणसं कमी पडतायत. म्हटलं, उस्ताद रोजावर येतात का बघावं."

आत लिमीच्या आईच्या हातून झाकण पडलं. ती हसत होती, हे उस्तादांना न बघताही कळलं.

"विचार करून सांगतो."

"कधी?"

"हा चहा संपला की."

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. बघणाऱ्याला वाटावं, साहेब पाहणीला आलेत. कबुलाने त्यांच्या हातात तेलकट डगला ठेवला. गेली कित्येक वर्षं त्यांनी नुसतं बोट दाखवून काम करून घेतलं होतं. तरी पहिली चौकट त्यांनी झोकात जोडली आणि मागे सरून उभे राहिले.

कबुलाने कोपऱ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावला. "उस्ताद, हे गुण्यात नाही."

"गुण्याच वाकडा असेल."

तिने तोच गुण्या शिजा नावाच्या तरण्या कारागिराच्या चौकटीला लावला. चपखल बसला.

"डोळे कुणाला दाखवलेत का?"

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"माझ्याशी बोलताय, आणि बघताय शिजाकडे."

तिने त्यांना ग्राइंडर दिला. वेल्ड घासून गुळगुळीत करायचा, म्हणजे नवशिक्याचं काम. ग्राइंडर टाकून घरी निघून जावं असं त्यांना फार वाटलं. पण घरी लिमीची आई होती. ते मुकाट घासत बसले.

दुपारी सगळे मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि तळलेल्या बारीक माशांभोवती बसले. उस्ताद मागे नळावर हात धूत होते. शिजाच्या ते लक्षात नव्हतं. पोट पुढे काढून तो उभा राहिला. "मुलांनो! मी मासळीबाजारात पोती उचललीत! आणि त्या पोत्यांचं वजन..."

"दर वर्षी वाढतं!" बाकीचे एका सुरात ओरडले.

मग कुणीतरी मागे पाहिलं आणि शिजाने पोट आत घेतलं. उस्तादांच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. जेवणाची वाट बघत बसणाऱ्या या पोरांनी आपलं भाषण कधी कान देऊन ऐकलं असेल, असं त्यांना वाटलंच नव्हतं. इथे तर शब्द न् शब्द पाठ होता.

"शिजा," ते म्हणाले, "हात पोटावर नाही, कमरेवर. आणि पोत्यांच्या आधी एकदा खोकायचं."

शिजाला हसताना ठसका लागला. उस्तादांनीच त्याला पाणी दिलं.

संध्याकाळी कबुला म्हणाली, "बसस्टँडवरच्या दोन पोरी शिकवा म्हणून मागे लागल्यात. मला धीर धरवत नाही. मी ओरडते, त्या रडतात. सकाळी तुम्ही शिकवा, दुपारी इथे या."

"म्हणजे मी तुझा नोकर?"

"सकाळी उस्ताद, दुपारी नोकर. रोज दुपारचाच मिळेल."

तिनेच पुढे त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. आता त्यांना चष्मा आहे. दुकानाची कामं घेणं त्यांनी बंद केलं. लिमीची आई म्हणते, बंद करायला आधी चालू असावं लागतं. सकाळी अंगणात त्या दोन पोरी लोखंड कापायला शिकतात. धाकटी फार प्रश्न विचारते.

"उस्ताद, कबुलाताई तुमच्यापेक्षा जास्त कमावते ना? मग मी तिच्याकडेच का नाही शिकायचं?"

उस्तादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ती फार ओरडते," ते म्हणाले.

पोरीला ते फारसं पटलं नसावं, पण ती कामाला लागली.