अंगठा म्हणजे वर

बनुबाईंनी भाकरी तव्यात टाकली, तिच्यावर पाण्याचा हात फिरवला आणि वळून न बघता विचारलं, “ह्याला माघारी धाडू का नगं, तूच सांग.”

मिलिंद चुलीपाशी पाटावर बसला होता. समोर बनुबाईंचा लेक गुंडा. दोघंही नौदलात पाणबुडे. गुंडा आजारपणाच्या रजेवर फलटणजवळच्या आपल्या मळ्यात आला होता आणि ती रजा आता संपत आली होती. मिलिंद स्वतःची रजा काढून आटपाडीकडच्या गावी गेला होता. परत जाताना गुंडाला सोबत न्यायचं, म्हणून तो वाट वाकडी करून इथे उतरला होता. त्याला ओसरीवर न थांबवता थेट आत, चुलीपाशी बसवलं होतं. हे घरी आईला सांगायला हवं, असं त्याच्या मनात आलं.

“काय झालतं, ते ह्यो धड सांगत न्हाई,” बनुबाई म्हणाल्या. “ताप आलता म्हणतो. तापानं माणूस पाण्याला भ्यायला लागतं व्हय रं? आल्यापासनं बादलीनं आंघोळ करतोय. ह्यो, ज्याला कालव्यातनं काठी घिऊन भाईर काढावं लागायचं!”

“आय, गप की,” गुंडा म्हणाला.

“गप का? सांग की त्येला. नायतर तू सांग रं लेकरा.”

मिलिंदनं गुंडाकडे पाहिलं. गुंडानं मान खाली घातली. मग एकदम हसला आणि म्हणाला, “सांगतो. मी मरत हुतो आन् ह्यो गडी मला ठेंगा दाखवत हुता.”

ओसरीवर गुंडाचे वडील आप्पासो ऊसतोडीचे कोयते बाजूला लावत होते. ते तिथूनच मोठ्यानं हसले. बनुबाई हसल्या नाहीत.

ठेंग्याची गोष्ट जुनी होती. मिलिंदच्या गावात पोहता येईल एवढं पाणी कधी नव्हतं. तो पोहायला शिकला नौदलात. त्यावरून गुंडा त्याला छळायचा. “आटपाडीचा गडी आन् समुद्रात! तुमच्यात चिमणीसुदिक धुळीत आंघोळ करती रं!” शर्यत जिंकला की गुंडा नाकासमोर अंगठा नाचवायचा. जेवणात शेवटचा लाडू पळवला की अंगठा. मिलिंदही त्याला अंगठा दाखवायचा. दोघांचा तो रामरामच झाला होता.

पाण्याखाली मात्र अंगठ्याचा अर्थ वेगळा. तिथे बोलता येत नाही. तोंडात हवेची नळी असते, म्हणून हातांनीच बोलायचं. बोटांची कडी केली की ‘ठीक आहे’. अंगठा उभा केला की ‘वर चल’. हे दोघांनाही झोपेत विचारलं तरी आलं असतं.

त्या दिवशी ते दोघं बुडालेल्या नांगराची साखळी शोधायला खाली गेले होते. साखळी गुंडाला आधी सापडली. मिलिंद मागून पोचला, तर गुंडा त्याच्याकडे तोंड करून अंगठा दाखवत होता. अंगठा हलत होता. मिलिंदला वाटलं, जिंकला म्हणून नाचवतोय. त्यानंही अंगठा दाखवला.

गुंडाचा अंगठा नाचत नव्हता. हात थरथरत होता. त्याच्या टाकीतली हवा संपत आली होती. राखीव हवेची कळ ओढायला गेला, तर ती कशाला तरी अडकून आधीच ओढली गेली होती; राखीव हवाही वापरून झाली होती. आणि मिलिंदच्या अंगठ्याचा अर्थ त्यानं नौदलात शिकवल्याप्रमाणे घेतला. वर जा. तो श्वास कोंडून वर सुटला.

“श्वास कोंडून वर जायचं नसतं, काकी,” मिलिंद म्हणाला. “खालची हवा वर जाताना फुगती. छाती फाटती.”

गुंडाच्या तोंडातून बुडबुडे येत नव्हते. ते दिसलं आणि मिलिंदला सगळं कळलं. त्यानं झेप घेऊन गुंडाच्या टाकीचा पट्टा धरला. दुसऱ्या हाताची मूठ त्याच्या पोटात दाबली. बुडबुडे सुटले. मग स्वतःच्या तोंडातली नळी काढून त्याच्या तोंडात दिली. दोन श्वास त्याचे, दोन श्वास आपले. असं करत, घाई न करता, ते वर आले. गुंडाची नखं मिलिंदच्या दंडात रुतली होती. खुणा अजून होत्या.

बनुबाईंनी पुढची भाकरी उलटली.

“मंजी तुला त्याचं कळलं न्हाई,” त्या म्हणाल्या.

“न्हाई कळलं.”

“आन् फुडं कळंल?”

‘कळेल’ म्हणणं सोपं होतं. पण या बाईला सोपं उत्तर नको होतं.

“चला कालव्यावं,” बनुबाई म्हणाल्या. “हितं उतरला, तर तिथं उतरंल.”

गुंडाचा चेहरा उतरला. पण आईसमोर नाही म्हणायची त्याला लाज वाटली.

कालव्याचं पाणी चहासारखं गढूळ होतं. कडेच्या पायऱ्यांपाशी ते संथ होतं. दोघं छातीइतक्या पाण्यात उतरले. मिलिंदनं गुंडाचा हात धरला.

“खाली काय दिसणार न्हाई. हातातच खूण कर. कडी का अंगठा.”

“म्हाईत हाय रं.”

दोघं खाली बसले. अंधार. कानात पाण्याचा आवाज. मिलिंद तळहातावर लक्ष ठेवून होता. जरा वेळानं गुंडाचा अंगठा त्याच्या तळव्यात घुसला, उभा, जोरानं.

मिलिंदनं त्याला काखेत धरून उचललं. विचार केला नाही.

वर आल्यावर गुंडा खोकत हसला. “मस्करी केली रं गड्या! बघत हुतो, तू काय करतोस.”

मिलिंद हसला नाही. “पाण्यात मस्करी न्हाई, गुंडा. आता भाईरबी न्हाई. अंगठा मंजी वर. तू लाख येळा दावलास, तरी मी तुला लाख येळा वर आणणार.”

गुंडाचं हसू विरलं. तो पाण्याकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतःच मिलिंदचा हात धरला आणि खाली ओढला.

या वेळी ते जास्त थांबले. गुंडाचा हात आधी लाकडासारखा ताठ होता. हळूहळू सैल झाला. शेवटी मिलिंदच्या तळव्यात बोटांची कडी टेकली. ठीक आहे.

वर आले तेव्हा बनुबाई शेवटच्या पायरीवर टॉवेल घेऊन उभ्या होत्या. लुगड्याचा काठ भिजला होता. त्यांनी आधी मिलिंदच्या डोक्यावर टॉवेल टाकला. मग लेकाकडे बघितलं.

“पैल्या येळंला मस्करीच केलतीस का रं?”

गुंडा ओले केस झटकत राहिला.

बनुबाईंनी मान हलवली. मस्करी नव्हती; आणि मिलिंदला या वेळी कळलं होतं. मळ्याकडे वळता वळता त्या म्हणाल्या, “दोघांच्या दशम्या बांधते. गाडी कितीची हाय, त्ये तुमी बघा.”