ओसरीच्या खांबाची गाठ

जेरुशा मॅकएलवेनला फुकटचा चांगुलपणा सोसत नसे. कुणी न मागता लाकडं फोडून दिली की तिच्या मनात पाल चुकचुकायची. आणि एलाय गिल्ख्रिस्ट तर दोन वर्षं तिची लाकडं फोडत होता, शेत नांगरत होता, आणि बदल्यात कपभर कॉफीखेरीज काही घेत नव्हता. कॅन्ससच्या त्या उघड्या माळावर ज्याचं त्याला पुरेना, तिथे असला माणूस म्हणजे एकतर संत, नाहीतर कुठेतरी पाणी मुरतंय. संत काही जेरुशाने अजून पाहिला नव्हता.

तिचा नवरा ह्यू हिमवादळात गेला. वादळाच्या दिवसांत तिकडे घरापासून गोठ्यापर्यंत दोरी बांधलेली असते. तिला धरूनच गुरांकडे जायचं, तिला धरूनच परत यायचं, कारण स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. ह्यू गोठ्यातून परत येत होता, आणि घराकडचं टोक ओसरीच्या खांबावरून सुटून वाऱ्याने भलतीकडे गेलं होतं. दोरी संपली तिथे दार नव्हतं. दार इथेच कुठेतरी असणार म्हणून त्याने दोरी सोडली असावी. जेरुशा आत चुलीपाशी त्याचा रस्सा गरम करत बसली होती. तो सापडला कुंपणापलीकडे.

आणि वादळाआधी त्याच दुपारी तिने खिडकीतून एलायला खांबापाशी काहीतरी खटपट करताना पाहिलं होतं. घरात न येताच तो निघून गेला होता.

हे ती कुणाला बोलली नाही. त्यांच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी मंडळीतले वडीलधारे टॉरेन्स प्रत्येकाला विचारत, मनात कुणाविषयी किल्मिष आहे का? नसेल त्याच्या हातावर शिशाचं छोटं टोकन ठेवत. टोकन नाही तर रविवारी मेजाशी जागा नाही. जेरुशा दर खेपेला ‘नाही’ म्हणायची, आणि मग भाकरीचा तो पवित्र तुकडा तिच्या घशाखाली उतरायचा नाही. एलाय मात्र आपली पाळी यायच्या आत घोडे बघायला म्हणून जो बाहेर पडायचा तो परतायचाच नाही. हे जेरुशाच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात एलायने टोपी हातात चुरगाळत तिला लग्नाचं विचारलं. ती म्हणाली, सांगते. आणि शरदातल्या प्रभुभोजनाआधी, शुक्रवारी, तिने नवी दोरी त्याच्यापुढे टाकली.

“खांबाला बांधा.”

“बर्फाला अजून अवकाश आहे, बाई.”

“असू दे. तुमची गाठ बघायचीय मला.”

एलायचा चेहरा पांढराफटक पडला. दोरीला त्याने हातसुद्धा लावला नाही.

“त्या दुपारी इथे काय करत होतात?” जेरुशाचा आवाज चढला. “सगळं बघितलंय मी. काय हवं होतं? ही जमीन? का मी?”

“दोरी परत द्यायला आलो होतो.” तो खांबाकडे बघत बोलत होता. “माझ्या मार्थाची शवपेटी खड्ड्यात उतरवायला ती ह्यूनेच दिली होती. तिकडे भिजली, आणि इथे येईतो गोठून काठी झाली. ह्यू म्हणाला, टाक तिथे, मी बांधतो. मी म्हटलं, माझ्या बायकोसाठी दिलीस, एवढं तरी मला करू दे. गाठ घट्ट लागली. निदान मला वाटली. घट्ट होता तो बर्फ, बाई. गाठ आवळलीच गेली नव्हती. वाऱ्याने बर्फ झडला आणि...”

“आणि हे दोन वर्षं गिळून बसलात!”

“सांगितलं असतं तर लाकडं फोडू दिली असतीत?”

“दारात उभं केलं नसतं!”

जेरुशा खांबाला टेकून रडली. तिला राग त्याचा आलाच, पण जास्त याचा आला, की हा माणूस चोर निघाला नाही. चोराचा द्वेष करत आयुष्य सहज निघालं असतं. बायको पुरून आलेल्या, बधिर बोटांनी उपकार फेडू पाहणाऱ्या माणसाचं काय करायचं? देवाने हे तिच्यावरच का टाकावं?

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. “बांध,” ती म्हणाली.

त्याने बांधली. तिने खांबाला पाय लावून सगळ्या अंगाने ओढली, मग स्वतःच सोडली. “पुन्हा.” त्याने पुन्हा बांधली. तिने पुन्हा ओढली. ऊन कलेपर्यंत हेच चाललं होतं. शेवटची गाठ तिने सोडली नाही.

शनिवारी टॉरेन्स तिच्यापुढे थांबले. “जेरुशा पोरी, मनात काही?”

“होतं, काका. थोडं अजून आहे. पण यंदा एलायने बांधलेली दोरी धरून मी गोठ्यात जाणार आहे.”

म्हाताऱ्याने टोकन तिच्या हातावर ठेवलं. मागे बाक करकरला. एलाय टोपी घेऊन दाराकडे निघाला होता.

“घोडे कुठे पळून जात नाहीत,” जेरुशा भर मंडळीत म्हणाली. “इकडे ये. माझ्या शेजारी उभा राहा.”