बाटल्यांना वारा

जर्मनीत रेगेन्सबर्गला मला नोकरी लागली तेव्हा बाबांनी साताऱ्याहून फोनवर विचारलं, "नक्की करतेस तरी काय तू तिथे?" मी समजावलं. सरबताच्या भरलेल्या बाटल्या धुऊन पट्ट्यावरून येतात, एका लांब, बारीक फटीतून त्यांच्यावर जोरात हवा सोडायची, पाणी निपटून निघतं, मग लेबल नीट चिकटतं. एअर नाइफ म्हणतात त्याला.

"म्हणजे एवढं इंजिनिअरिंग करून बाटल्यांना वारा घालतेस होय!" बाबा खो खो हसले. मला असा राग आला! पण पुढच्या आठवड्यात आई म्हणाली, अख्ख्या आळीला ते हेच कौतुकाने सांगत सुटलेत.

मग त्यांची फुप्फुसं थकत गेली. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. "रात्री झोपताना तेवढं लावतो गं," म्हणायचे. दर रविवारी मी फोन करायचे. ते फारसं बोलत नसत, "हं", "मग?", "अरे वा!" एवढंच. बडबड सगळी माझी. परदेशातल्या मुलांना घरचे नेहमी 'सगळं ठीक' असंच सांगतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण ते "अरे वा" इतकं खणखणीत असायचं की मी विश्वास ठेवला.

मला घरी जायचं होतं. पण नेमकी तेव्हाच आमची एक नवी लाइन अडून बसली होती. बाटली वरून कोरडी ठणठणीत, आणि झाकणाच्या कडेखाली एक थेंब तसाच. गिऱ्हाइकासमोर मशीन चालवून त्याची सही घ्यायची, त्याला तिथे आबनामे म्हणतात. ती झाल्याशिवाय रजा नाही. मी तिकीट पुढे ढकललं. परत ढकललं. बाबा म्हणाले, "काम अर्धवट टाकून येऊ नकोस. मी काय पळून चाललोय?"

त्या हॉलमध्ये हवेचा नुसता थयथयाट. एकदा मला राहवेना. मी मराठीतच ओरडले, "मेल्यांनो, बाटल्यांना एवढी हवा, आणि माझ्या बापाला घोटभर मिळेना!" सगळ्यांच्या कानांत बोळे. शेजारचा सहकारी मान डोलावून नुसत्या ओठांनी म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर. त्याला वाटलं असणार, मी मशीनबद्दलच काहीतरी बोलतेय.

शेवटी फटीचा कोन थोडा खाली वळवला आणि जमलं. झाकणाखाली दाबलेला कागद कोरडा निघाला. सही झाली, टाळ्या झाल्या. संध्याकाळी मी बॅग भरत होते तेव्हा आईचा फोन आला. बाबा गेले होते.

मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. बाहेरच्या खोलीत, फोनच्या टेबलाला खेटून ते मशीन उभं होतं. मी आईला विचारलं, "रात्रीचं मशीन इथे कशाला गं?"

"रात्रीचं कुठलं?" आई म्हणाली. "दिवाळीपासून दिवसरात्र लागायचं त्यांना. तुझा फोन वाजला की बंद करायला लावायचे. त्याची घरघर तुझ्या कानावर गेली तर तू सगळं सोडून येशील म्हणून. मी आपली खुणा करायचे, अहो, पुरे आता. तर हात वर करून मलाच गप्प बसवायचे. फोन ठेवला की आधी नळी मागायचे. मग कितीतरी वेळ डोळे मिटून पडून राहायचे."

रविवारी रेगेन्सबर्गला दुकानं बंद असतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दिवसभर बोलायला माणूस मिळायचं नाही. म्हणून मी फोन ठेवतच नसे. बाबा "बरं मग" म्हणाले की मी म्हणायचे, "थांबा हो बाबा, अजून खूप सांगायचंय."