माझ्या बापाला दारुडा ठरवलं

"हा फ्रॉक काढ," सर म्हणाले. "त्या गठ्ठ्यातला एखादा घाल. फाटका बघ."

मी पाचवीत होते. अहमदपूरच्या एका मंगल कार्यालयात कार्यक्रम होता. बाप नसलेल्या घरांना एक ख्रिस्ती संस्था मदत करायची, तिचा. सर त्याच संस्थेचे. परदेशातून पाहुणे आलेले. आमच्यासारख्या घरातली एक पोरगी स्टेजवर दाखवायची होती. ती मी.

फ्रॉक मायनं शिवला होता. संस्थेनंच दिलेल्या मशीनवर. निळा, गळ्याला पांढरी लेस. गिऱ्हाइकांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचा, पण जोड कुठं दिसायचा नाही. मायला वाटलं होतं, पाहुणे बघतील, मशीन सत्कारणी लागली म्हणतील.

"सर, ह्यो मीच शिवलाय," माय म्हणाली.

"बाई, तुमचं बरं चाललंय असं त्यांना दिसलं तर मदत कोण पाठवील?"

वाटायला आणलेल्या जुन्या कपड्यांतला एक झगा मी घातला. कुण्या दुसऱ्याच पोरीचा. बटनं तुटलेली. सैपाकाच्या खोलीत सिलिंडरच्या मागं मी कपडे बदलले. माय पदर आडवा धरून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई.

स्टेजवर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधी मराठीत बोलले, मग इंग्रजीत. "हिचा बाप दारू पिऊन मेला. बायकोला मारायचा. आपण हे घर वाचवलं."

माझा बाप दारूला शिवत नव्हता. हलगी वाजवायचा, आणि पोटासाठी लोकांच्या विहिरी खांदायचा. गावातल्या एका मालकाच्या विहिरीत दरड कोसळली तेव्हा खाली तोच होता. मालक मयतीलाबी आला नाही. हे सरांना सगळं माहीत होतं. मायनंच सांगितलं होतं, रडत रडत. पण विहिरीत मेलेल्या बापापेक्षा दारुडा बाप पाहुण्यांना लवकर कळत असावा.

मग माईक माझ्या तोंडाशी आला. पाठ करून घेतलेलं 'थँक्यू' म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "माझा बाप पीत नव्हता. विहिरीत दरड पडून मेला. सर खोटं बोलायलेत."

पुढच्या रांगेतले गावाकडचे लोक एकमेकांकडं बघू लागले. एक पांढऱ्या केसांची गोरी बाई वाकून सरांना काहीतरी विचारू लागली. सर हसले. इंग्रजीत बोलले. त्यातले दोनच शब्द मला कळले, थँक्यू आणि गॉड. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मला छातीशी धरलं. टाळ्या वाजल्या.

फ्रॉक काढला तेव्हा नुसती लाज वाटली होती. टाळ्या वाजल्या तेव्हा माझ्या अंगाची आग झाली.

दोन-चार दिवसांनी सरांची जीप वस्तीवर आली. ते खाली उतरलेसुद्धा नाहीत. "पोरीला ऑफिसात आणा, माफी मागू द्या. न्हाईतर मशीन दुसऱ्या गरजू घराला जाईल."

मायनं मला विचारलं, "मागतीस का?"

"न्हाई."

मशीनवर एक ब्लाऊज अर्धा शिवून पडला होता. मायनं दातानं दोरा तोडला, ब्लाऊज बाजूला ठेवला. मशीन एकटीनं उचलून जीपमध्ये ठेवली. म्हणाली, "घेऊन जावा. माझा नवरा कसा मेला ते मला ठाव हाय."

जीप गेली. माय उंबऱ्यावर बसली आणि लई रडली. "आता खायचं काय, ते बी सांग तू," म्हणाली. ती सोयाबीन काढायला मजुरीनं जाऊ लागली. सुट्टीच्या दिवशी मीही.

संस्थेनं दिलं ते खोटं नव्हतं. आमच्या घरावरचे पत्रे त्यांचेच. मायला टीबी झाला तेव्हा तिथलीच एक सिस्टर गोळ्या घेऊन घरी यायची. मशीन गेल्यावरही यायची. आमच्या जरमलच्या गिलासात चहा प्यायची, कधी फोटो काढला नाही. तिचं नाव निघालं की माय हात जोडते. सरांचं निघालं की थुंकते.

आज मी त्याच वस्तीत सरकारी दवाखान्याची आशाताई आहे. मदत घेऊन येणाऱ्यांच्या गाड्या अजून येतात. देवाच्या नावानं येणाऱ्या, पुढाऱ्यांच्या नावानं येणाऱ्या, सगळ्याच. मी आधी वाटेत उभी राहते. सांगते, द्यायचं ते द्या. पोरांना रांगेत उभं करायचं नाही. कुणाच्या मेलेल्या माणसाबद्दल बोलायचं नाही. फोटो नाही.

काही देऊन जातात. काही गाडी वळवून घेतात. मग बायका मला शिव्या घालतात. परवाच एक विधवा तोंडावर म्हणाली, "तुझं पोट भरलंय, म्हणून तुला इज्जत सुचती." तिच्या घरी चूल पेटली नव्हती. मी माझ्या घरातलं पीठ नेऊन दिलं. तिनं घेतलं, पण बोलली नाही.

नाही बोलली तर नाही. पुढची गाडी येईल, तेव्हाही मी वाटेत उभी असणार.